रब्बी इम्मानुएल लोव आणि शास्त्रांतील झाडें

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांत योना संदेष्ट्याचें पुस्तक चाललें होतें. निनवे नगराबाहेर योना उन्हांत बसला, देवानें त्याच्या डोक्यावर सांवलीसाठीं एक झाड उगवविलें, दुसऱ्या दिवशीं पहांटे किड्यानें तें कोरलें व तें सुकून गेलें, येथवर कथा आली होती. इतक्यांत मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, तें झाड कोणतें?" आम्हीं उत्तर दिलें, "वेल होता, भोपळ्याचा म्हण." विद्यार्थी शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "पण सर, भोपळ्याच्या वेलाला मांडव लागतो. तो आपला आपण उभा राहून सांवली कशी देईल?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों व पुढचा अध्याय काढला. घंटा झाल्यावर मात्र आम्हांस त्या हंसण्याची लाज वाटूं लागली. कारण प्रश्न रास्त होता आणि उत्तर आमच्याजवळ नव्हतें.

त्या उत्तराच्या शोधांत असतां एका मनुष्याच्या चरित्राची आम्हांस ओळख झाली. तो धर्मानें यहूदी, धंद्यानें रब्बी, राहणारा हंगेरी देशांतील सेगेद या शहरचा. त्याचें सारें आयुष्य असल्याच प्रश्नांचीं उत्तरें देण्यांत गेलें. त्याचें नांव इम्मानुएल लोव. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्याची थोडी माहिती द्यावी, म्हणून हा लेख लिहिला आहे.

रब्बी म्हणजे यहूदी लोकांचा धर्मगुरु व धर्मशास्त्राचा शिक्षक. यहूदी लोक आपल्याकडे अगदीं अपरिचित नाहींत. कोंकणांत अलिबाग, रेवदंडा या बाजूस बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं शब्बाथ पाळून काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठीच. परंतु ज्या यहूदी समाजांत लोव वाढला, तो मध्य युरोपांतील होता व त्याची विद्येची परंपरा निराळी होती.

त्याचा जन्म 1854 सालीं सेगेद येथेंच झाला. वडील लिओपोल्ड लोव हेहि रब्बी व मोठे पंडित होते. यहूदी उपासनामंदिरांत हंगेरियन भाषेंत प्रवचन करणाऱ्या पहिल्या रब्बींपैकीं ते एक होत. 1848 सालीं हंगेरियन लोकांनीं ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलें, तेव्हां त्यांनीं देशाची बाजू घेतली आणि युद्ध फसल्यावर कारागृहहि भोगला. हा कारागृह मुलाच्याहि वांट्याला पुढें यावयाचा होता. 1875 त वडील वारले. इम्मानुएल त्या वेळीं शिकत होता. बर्लिन येथील यहूदी विद्यापीठांत त्यानें धर्मशास्त्राचा अभ्यास केला, लाइप्‌त्सिग विश्वविद्यालयाची डॉक्टरची पदवी मिळविली, आणि 1878 सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, वडिलांच्याच जागीं सेगेदचा रब्बी झाला. त्या पदावर तो मरेपर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षें होता.

कामावर रुजू होऊन वर्ष होतें न होतें तोंच गांवावर संकट आलें. सेगेद शहर तिसा नदीच्या कांठीं वसलें आहे. 1879 च्या मार्च महिन्यांत, 11 व 12 तारखांमधील रात्रीं, बांध फुटून नदी गांवांत शिरली. साडेपांच हजारांहून अधिक घरांपैकीं तीनशेंसुद्धां उभीं राहिलीं नाहींत. दीडशेंच्या वर माणसें दगावलीं. बादशहा फ्रान्झ योसेफ पाहणीस आला व शहर पूर्वींहून सुंदर होईल असें त्यानें वचन दिलें. युरोपांतील अनेक राजधान्यांनीं मदत पाठविली; म्हणून नव्या सेगेदच्या वर्तुळाकार रस्त्याच्या भागांस रोम, लंडन, पॅरिस, बर्लिन अशीं नांवें देण्यांत आलीं. ज्याला आपल्या मंडळीचीं नांवें अजून पुरतीं पाठ झालीं नसतील, अशा पंचवीस वर्षांच्या तरुण धर्मगुरूपुढें घरें गेलेलीं, दुकानें गेलेलीं कुटुंबें उभीं राहिलीं. अशा काळांत कोणी झाडांच्या नांवांवर ग्रंथ लिहीत बसेल असें वाटत नाहीं. पण पुरानंतर दोनच वर्षांनीं, 1881 सालीं, लाइप्‌त्सिग येथें त्याचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा विषय अरामी भाषेंतील वनस्पतींचीं नांवें हा होता.

येथें वाचक विचारतील, धर्मगुरूला झाडांशीं काय कर्तव्य? याचें उत्तर यहूदी धर्मशास्त्रांतच आहे. मोशेच्या नियमशास्त्रानें शेतांत दोन जातींचें बीं मिसळून पेरण्यास मनाई केली आहे. मग कोणत्या दोन जाती भिन्न आणि कोणत्या एक, हें ठरविणें आलें. वल्हांडणाच्या जेवणांत कडू भाजी खावयाची; मिश्ना नांवाच्या जुन्या ग्रंथांत अशा पांच भाज्या सांगितल्या आहेत, पण त्या ओळखतां आल्या पाहिजेत. मांडवांच्या सणाला चार वनस्पति हातांत धरावयाच्या: महाळुंग, खजुरीचा कोंवळा झांप, मेंदीसारख्या बारीक पानांचें मर्टल नांवाचें सुगंधी झुडुप आणि वाळुंज. शब्बाथाच्या दिव्यांत कोणतें तेल चालतें, कोणतें चालत नाहीं, याचीहि चर्चा आहे. अशा रीतीनें पॅलेस्टाईन व बाबिलोन येथील जुन्या रब्बींना शेतांतलें, बागेंतलें व रानांतलें गवतन्‌गवत ठाऊक असे. त्यांनीं लिहून ठेविलेल्या ग्रंथांत वनस्पतींचीं शेंकडों नांवें आलीं.

पुढें झालें असें कीं यहूदी लोक देशोधडीस लागले. नांवें ग्रंथांत राहिलीं, झाडें मायदेशीं राहिलीं. पोलंडांतील किंवा हंगेरींतील रब्बी तें नांव मोठ्या भक्तीनें उच्चारी. परंतु डोळ्यांपुढें झाड नसे. मग जो तो आपल्या गांवच्या ओढ्याकांठचें एखादें झुडुप त्या नांवाला चिकटवी. टीकाकारांनीं फ्रेंच, जर्मन, अरबी असे निरनिराळे अर्थ दिले. त्यांतले कित्येक एकमेकांशीं जुळत नाहींत. लोव यानें हा गुंता सोडविण्याचें मनावर घेतलें.

त्याची रीत कशी होती हें सांगावयाचें तर योनाच्या झाडाकडेच वळावें. मूळ इब्री भाषेंत त्या झाडाचें नांव कीकायोन असें आहे. ग्रीक भाषांतरकारांनीं त्याचा भोपळा केला, आणि आम्हीं वर्गांत दिलेल्या उत्तराची परंपरा तेथवर जाते, एवढेंच आम्हांस समाधान! चवथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम नांवाच्या विद्वानानें इब्रीवरून लॅटिनमध्यें भाषांतर करतांना भोपळा काढून तेथें आयव्ही नांवाची वेल घातली. तें नवें भाषांतर आफ्रिकेंतील एका गांवीं उपासनेच्या वेळीं वाचलें गेलें, तेव्हां लोकांनीं एवढा गलका केला कीं तेथील बिशपाला आपली मंडळी हातची जाते कीं काय अशी भीति पडली. ही हकीकत ऑगस्टीन यानें जेरोमला पत्रानें कळविली. जेरोम यानें उत्तरीं लिहिलें तें मोठें मार्मिक आहे. तें झाड आपणांस ठाऊक आहे. सुरियानी लोक त्याला आपल्या भाषेंत अमुक म्हणतात. त्याचीं पानें द्राक्षीच्या पानांसारखीं रुंद असतात. तें लवकर वाढतें व स्वतःच्या बुंध्यावर उभें राहतें. पण लॅटिनमध्यें त्याला नांव नाहीं, म्हणून वेलीचें नांव घातलें, असा त्याचा आशय होता. आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यानें काढलेली शंका पंधरा-सोळाशें वर्षांपूर्वीं जेरोमला ठाऊक होती, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां दुसरे साक्षीदार पाहूं. हेरोडोटस नांवाचा ग्रीक इतिहासकार सांगतो कीं मिसर देशचे लोक एका झाडाच्या बियांचें तेल काढतात व त्याला कीकी म्हणतात. शब्बाथाच्या दिव्यांत वर्ज्य म्हणून मिश्नानें जीं तेलें सांगितलीं, त्यांत कीक तेल आहे. तालमूदांत याची चर्चा निघाली असतां एक रब्बी पुढें होऊन म्हणतो कीं योनाचें कीकायोन मीं स्वतः पाहिलें आहे. तें पाणथळ जागीं वाढतें, दुकानांपुढें लावतात, त्याच्या बियांचें तेल करतात व त्याच्या फांद्यांखालीं आजारी माणसें विसांवा घेतात. जेरोमनें दिलेलें सुरियानी नांव अरबी भाषेंत आजहि चालतें. या सर्व साक्षी एकत्र केल्या म्हणजे कोणतें झाड उरतें? रुंद, हाताच्या पंजासारखें पान, झपाट्यानें वाढ, पोकळ, ठिसूळ खोड, तेलाचें बीं. वाचकांनीं ओळखलेंच असेल. तें आपल्या बांधावरचें, उकिरड्यावरचें एरंडाचें झाड होय!

पहा, यांत दुर्बीण नाहीं, प्रयोगशाळा नाहीं. एक शब्द घ्यावयाचा. तो इब्रींत कोठें येतो, अरामींत कोठें, सुरियानी वैद्यांनीं त्याला काय म्हटलें, अरबांनीं काय म्हटलें, ग्रीक व लॅटिन ग्रंथकारांनीं काय वर्णन केलें, हें शोधावयाचें. आणि सगळे साक्षीदार एकाच झाडाकडे बोट दाखवीपर्यंत धीर सोडावयाचा नाहीं. योनाचें झाड एरंड होय असें म्हणणारा लोव हा पहिलाच नव्हे. परंतु अशा प्रत्येक नांवाची संपूर्ण साक्ष एका ठिकाणीं त्यानें आणली.

दुसरें एक उदाहरण विद्यार्थ्यांच्या ओळखीचें आहे. आपल्या मराठी शास्त्रांत स्तोत्रसंहितेमध्यें व इतरत्र एजोब नांवाची वनस्पति येते. शलमोन राजा लबानोनाच्या गंधसरूपासून भिंतींत उगवणाऱ्या एजोबापर्यंत सर्व झाडांविषयीं बोलला असेंहि लिहिलें आहे. युरोपांत हिसॉप म्हणून एक निळ्या फुलांचें झुडुप बागांतून लावतात. लोक समजत कीं हेंच तें. पण तें झुडुप पॅलेस्टाईनमध्यें रानटी उगवतच नाहीं. मिश्ना तर स्पष्ट म्हणते कीं शुद्धीकरणाच्या विधीला ग्रीक एजोब, रोमी एजोब, रानांतला एजोब यांपैकीं कोणताहि चालत नाहीं. ज्याच्या मागें दुसरें उपपद लागत नाहीं तोच खरा. लोव यानें तो ओव्याच्या वासाची आठवण करून देणारी, लवदार पानांची, ओरिगॅनम जातींतील एक वनस्पति ठरविली. अरब लोक तिला झातर म्हणतात व वाळवून भाकरीबरोबर खातात. म्हणजे राजाच्या पश्चात्तापाच्या स्तोत्रांत जी वनस्पति आहे, ती गरिबाच्या ताटांतली निघाली. आम्हांस हें कळल्यापासून तें स्तोत्र वाचतांना पूर्वींपेक्षां अधिक गोड वाटतें.

निदणाच्या दाखल्याचेंहि असेंच. गव्हांत उगवणारें निदण म्हणजे केवळ कोणतेंहि तण नव्हे. मिश्नांत त्याला झूनीन म्हटलें आहे, आणि गहूं व झूनीन यांची मिसळ निषिद्ध मानूं नये असा निर्णय आहे, इतकें तें गव्हासारखें दिसतें. ओंबी येईपर्यंत भल्या शेतकऱ्यालाहि ओळख पटत नाहीं. आणि त्याचे दाणे पिठांत गेले तर खाणाऱ्याला झिंग येते. वनस्पतिशास्त्रांत त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थच झिंगलेला असा आहे. कापणीपर्यंत दोन्ही वाढूं द्या असें धन्यानें कां सांगितलें, हें यावरून उलगडतें.

कांहीं नांवें थेट आपल्या देशांतून तिकडे गेलीं. एस्तेरच्या पुस्तकांत राजवाड्याच्या पडद्यांसाठीं कर्पास हा शब्द आहे; तो आपला कार्पास, म्हणजे कापूस. मिऱ्याला रब्बी लोक पिलपेल म्हणत. त्यांत आपली पिप्पली ओळखूं येते. गीतरत्नांतील नेर्द म्हणजे हिमालयांतली जटामांसी. तिच्या नांवाचें मूळ संस्कृत नलद या शब्दांत सांपडतें. बेथानींत फोडलेल्या त्या कुपींतील सुगंध किती दूरचा प्रवास करून आला होता, याची यावरून कल्पना यावी.

आतां पुन्हां चरित्राकडे येऊं. सेगेदची यहूदी मंडळी वाढली व जुनें मंदिर अपुरें पडूं लागलें. लिपोत बाउमहॉर्न या शिल्पकारानें बांधलेलें नवें मंदिर 1903 सालीं पुरें झालें. त्यांतील चिन्हांची योजना लोव यानें आंखून दिली. घुमटाखालीं चोवीस खांब आहेत, ते दिवसाच्या चोवीस तासांचे. त्यावर फुलापानांची नक्षी. आणि वर निळ्या कांचेचा तारांकित घुमट, जणूं अनंत आकाश. कांचकाम मिक्शा रोट या कारागिराचें असून खिडक्यांवर यहूदी सणांचीं चित्रें आहेत. तें मंदिर आजहि उभें आहे.

पहिल्या महायुद्धांत हंगेरीचा पराभव झाला. मागोमाग क्रांति, आणि क्रांतीच्या मागोमाग सूड. 1920 सालीं देशाची सत्ता ॲडमिरल होर्थी याच्या हातीं आली. यहूद्यांवर हल्ले होऊं लागले, आणि विश्वविद्यालयांत त्यांच्या मुलांची संख्या मर्यादित करणारा कायदा त्याच वर्षीं झाला. त्या धामधुमींत होर्थीविरुद्ध परकीय पत्रकाराजवळ कांहीं बोलल्याचा आळ घेऊन लोव याला पकडण्यांत आलें. त्याचें वय त्या वेळीं सहासष्ट वर्षांचें. एका वर्षाहून अधिक काळ तो कैदेंत होता. शेवटीं खटला सोडून देण्यांत आला.

त्या कैदेंत त्यानें काय केलें? आपल्या वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथाचें काम चालविलें. आम्हीं हें वाचलें तेव्हां पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. बाहेर आपल्या लोकांवर कोणता प्रसंग ओढवला असेल याची चिंता, आंत म्हातारपण. आणि हा गृहस्थ कागदावर लसूण, मसूर, अंजीर, डाळिंब यांचीं नांवें जुळवीत आहे. यांत जगाकडे पाठ फिरविणें होतें असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या लोकांना हा देश तुमचा नव्हे असें सांगण्यांत येत होतें, त्यांच्या पूर्वजांनीं एकेकाळीं आपल्या भूमीवरील प्रत्येक काडीला नांव दिलें होतें, हें तो लिहून ठेवीत होता.

तो ग्रंथ 'यहूद्यांच्या वनस्पति' या अर्थाच्या जर्मन नांवानें 1924 पासून 1934 पर्यंत चार भागांत निघाला. गंमत अशी कीं दुसरा व तिसरा भाग आधीं बाहेर पडले आणि पहिला मागून आला. त्यांत वनस्पति शास्त्रीय कुलांप्रमाणें लाविल्या आहेत, परंतु प्रत्येकीखालीं नुसतें वर्णन नाहीं. तिच्याविषयींच्या म्हणी, दाखले, औषधें, प्रार्थना, कायदे असें सर्व कांहीं आहे. चवथा भाग निघाला तेव्हां ग्रंथकार ऐंशी वर्षांचा होता. पहिल्या ग्रंथापासून त्रेपन्न वर्षें झालीं होतीं.

त्याच्या कामांत उणीव नव्हती असें नाहीं. त्याचें मुख्य हत्यार शब्द हें होतें, माती नव्हे. झाड रानांत प्रत्यक्ष कसें वाढतें याची पारख पुढच्या पिढीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं केली. पॅलेस्टाईनच्या वनस्पतींचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या मायकेल झोहारी यांचें शास्त्रांतील वनस्पतींवरील पुस्तक 1982 सालीं निघालें. कोठें कोठें मतें बदललीं. पण ज्या पायऱ्यांवर हे लोक चढले, त्या लोव यानें बांधलेल्या होत्या.

कैदेंतून सुटल्यावर देशानें त्याला मानहि दिला. 1927 पासून तो हंगेरीच्या वरिष्ठ सभेंत यहूदी समाजाचा प्रतिनिधि म्हणून बसला. पुढें डोळे गेले. 1944 च्या मार्चमध्यें जर्मन सैन्य हंगेरींत शिरलें. त्याच वर्षीं जानेवारींत त्याला नव्वद वर्षें पुरीं झालीं होतीं. उन्हाळ्याच्या आरंभीं सेगेदच्या यहूद्यांना घरांतून काढून विटांच्या कारखान्याच्या आवारांत कोंडण्यांत आलें. त्यांत हा आंधळा वृद्ध रब्बीहि होता. तेथून माणसांनीं खच्चून भरलेल्या आगगाड्या सुटत. एका गाडींत त्यालाहि घातलें. बुडापेस्ट येथें कांहीं यहूदी कार्यकर्त्यांनीं खटपट करून त्याला उतरवून घेतलें. पण शरीरांत त्राण राहिलें नव्हतें. 19 जुलै 1944 रोजीं तो त्या शहरींच मरण पावला. त्याच्या मंडळींतील पुष्कळ माणसें परत आलीं नाहींत.

प्राणी व खनिजें यांवर त्यानें वेळोवेळीं लिहिलेले निबंध गोळा करून 1969 सालीं प्रसिद्ध करण्यांत आले. म्हणजे झाडें, जनावरें आणि दगड असा तिहींचा संसार त्यानें मांडला होता.

दिवाळीच्या सुटीनंतर त्या विद्यार्थ्याला आम्हीं शाळेच्या कुंपणाजवळ नेलें. तेथें गटाराच्या कडेला एक एरंड आपोआप उगवलेला आहे. "हें तुझें झाड," आम्हीं म्हणालों. त्यानें वर पाहिलें, एक पान ओढून डोक्यावर धरलें, आणि म्हणाला, "सर, याला कीड लवकर लागते. आमच्या बांधावर दर वर्षीं लागते."